मी पुढं होतो ती शर्यत

मी आयुष्यभर दुसऱ्याच्या मागं लपून शर्यती जिंकल्या, आणि त्याच जोरावर मला सरकारी नोकरी लागली. हसू नका, ट्रॅकवरच्या सायकलीचं गणितच तसं असतं. दोघंच गडी आणि मैदानाला तीन फेऱ्या. पुढचा वारा फोडतो, मागचा त्याच्या आडोशाला दम राखतो आणि शेवटच्या वळणावर सुसाट बाहेर पडतो. म्हणून आधी दोघंही रेंगाळतात, ‘तू हो पुढं, तू हो पुढं’ करत.

पण हे आमच्या बेलापुरात सांगायचं कुणाला? वडील बैलगाडा शर्यतीचे शौकीन. मागं राहणारा बैल त्यांनी कधी दावणीला ठेवला नाही. मी रोज पहाटे राहुरीपर्यंत सायकल हाणून यायचो. रस्त्यावरच्या शर्यतीही जिंकलो होतो, पण त्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. त्यात दुष्काळ. विहिरीनं तळ गाठलेला आणि पोरगा फुकटचा घाम गाळतो, म्हणून ते उठता-बसता मला फाडून खायचे. मीही काही कमी नव्हतो, तोंडाला तोंड द्यायचो. आई बिचारी मधे पडून पडून थकली.

शेवटी ते म्हणाले, “येकदा ह्या डोळ्यांनी बघतो. दम दिसला तर कर तुझं. न्हाईतर सायकल इकायची आन् रानात उतरायचं. परत त्वांड उघडायचं न्हाई.”

आणि बघायला आले ते नेमकी नगरच्या मैदानावरची शर्यत! नशीबच फुटकं माझं. सायकल एसटीच्या टपावर बांधली आणि वाटेत त्यांना समजावायला गेलो, तर म्हणाले, “मला नको शिकवू. पुढं असतो त्यो जितला, येवढं कळतंय.”

शिट्टी झाली. समोरचा गडी चांगला मुरलेला, पण पहिल्याच वळणावर मी झटकन त्याच्या मागं बसलो. डाव अगदी मनासारखा लागला. आता फक्त थांबायचं होतं. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं ओळखीचा आवाज आला, “अरं मर्दा, म्हागं काय लपतोस? लाज हाय का न्हाई?”

लोक खो खो हसले. माझी कानशिलं तापली, पण मी दात-ओठ खाऊन मागंच राहिलो. दुसऱ्या फेरीला तोच आवाज, आता पार रडवेला. “पुढं हो रं, माझ्या राजा!”

ही हाक ते फक्त शर्यतीतल्या बैलाला मारायचे. मला जन्मात कधी मारली नव्हती. शिव्या मी पचवल्या असत्या हो, पण हे नाही सोसवलं. खड्ड्यात गेला डाव, म्हटलं. उठलो, पॅडल रेटलं आणि पुढं झालो. उरलेली सारी शर्यत एकट्यानं वारा छातीवर घेतला. व्हायचं तेच झालं. चुन्याच्या रेघेपाशी तो गडी माझ्या मागून आरामात निघाला आणि अर्ध्या चाकानं पुढं गेला.

मी तिथंच मातीत बसलो. वडील आले तेव्हा मान वर न करता म्हणालो, “हरलो. विका सायकल.”

“कोन हरलं? त्यो चोर पाठीला चिकटून आला आन् शेवटाला लबाडी केली. सायकल इकतोय कोन?”

डाव काय असतो हे सांगायचं सोडून मी उठलो आणि सायकलीची माती झटकली. परतीला त्यांनी स्वतः टपावर चढून सायकल बांधली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आत येऊन साऱ्या गाडीला शर्यत सांगायला लागले. कंडक्टरनं विचारलं, “मग नंबर कितवा आला?”

“पयला,” वडील म्हणाले. “शेवटचं दोन हात सोडलं, तर पयला.”