ठिपके सर आणि त्यांची मांजरं

ठिपके सरांनी ज्याला मूर्ख म्हटलं नाही असा माणूस संगमनेरच्या आमच्या कॉलेजात शोधूनही सापडला नसता. प्राचार्य मूर्ख, ग्रंथपाल मूर्ख, विद्यापीठातून येणारे परीक्षक महामूर्ख. आम्ही सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची अकरा मुलं तर त्या शब्दाच्याही लायकीची नव्हतो. आम्हाला ते 'ठोकळे' म्हणत.

'ठिपके' हे नाव आम्ही ठेवलेलं. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मांजरांच्या रक्तातले ठिपके मोजत बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? खिशावर कायम जांभळा डाग, चपलेचे दोन अंगठे दोन रंगांचे, अंगाला मांजरांचा वास. नव्वदच्या दशकाचा मध्य होता तो. आजूबाजूला दुधाचा महापूर. इतर प्राध्यापक संकरित गाईंवर चार पानं खरडून नारळ आणि शाल घेत फिरायचे. हा माणूस मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत सात मांजरं पाळून त्यांच्या कानांतून थेंब थेंब रक्त काढत होता. मला त्यांची कीव यायची. खरं सांगायचं तर कीव नव्हे, तुच्छताच वाटायची.

मी जामखेडकडची, खर्ड्याची. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमचं बौद्धाचं घर. कॉलेजात पाय ठेवल्यावर पहिल्या आठवड्यात सहा जणांनी गोड आवाजात पूर्ण नाव विचारलं होतं, आणि ऐकल्यावर तो गोडवा आणखी थोडा वाढवला होता. तो वाढीव गोडवा मला चांगला ओळखता येतो. ठिपके सरांनी नाव विचारलंच नाही. "गाव कुठलं?" म्हणाले. सांगितल्यावर, "बरं, खर्डा. तो अकोले, ती राहुरी, तू खर्डा. आडनावं लक्षात ठेवण्याइतके तुम्ही कोणी महत्त्वाचे नाही." मला राग आला, पण त्या दिवशी वसतिगृहावर मी पोटभर जेवले. सर अपमान सगळ्यांना सारखा वाढत, पंगतीत पुढे-मागे बघत नसत.

पुस्तकात होतं की प्रतिकारशक्ती म्हणजे शरीराचं सैन्य. सरांना त्या वाक्याची किळस होती. "सैन्य म्हणे! लिहिणाऱ्याने कधी मांजर पाहिलंय का?" मग ते सांगू लागत. पिसवा चावल्या की काही मांजरांच्या रक्तात एक जिवाणू शिरतो आणि तांबड्या पेशींच्या अंगावर चिकटून बसतो. रंग दिलेल्या काचेवर तो इवलासा ठिपका दिसतो. मांजरीचं शरीर त्याला ओळखतं, खुणा करतं. प्लीहेतून पेशी जाते तेव्हा तिथल्या भक्षक पेशी कधी नुसता जिवाणू खुडून घेतात आणि तांबडी पेशी पुन्हा सोडून देतात. कधी जिवाणूसकट पेशीच गिळतात. असं गिळणं वाढलं की मांजर पांढरं पडतं. "म्हणजे मांजर निम्मं रोगाने मरतं आणि निम्मं स्वतःच्या उपायाने," सर म्हणायचे. "तरी मांजरीची प्लीहा तुमच्यापेक्षा हुशार. ती निदान काही वेळा नको तेवढंच काढते. तुम्ही प्रश्नपत्रिकेत सगळंच गिळता."

प्रयोगशाळेचे शिपाई सोपानमामा हे एकटेच त्यांना उलट बोलत. "सर, मांजरीचं रगात रोज काढताय, पन मान्साला चा न्हाई इचारत तुमी." सर वर न बघता म्हणत, "माणसाचं रक्त इतकं सोज्वळ नसतं, सोपान." मग मामाच दोन कप चहा घेऊन येत.

त्यांच्या सात मांजरांत भुरी नावाची एक म्हातारी होती. डिसेंबरातल्या एका सकाळी सर तिला पिशवीत घालून कॉलेजात घेऊन आले. हिरड्या पिठासारख्या, पोट भात्यासारखं हलणारं. रक्त मी काढलं. नळी खिडकीत ठेवली, आणि बघते तो रक्तात रव्यासारख्या गुठळ्या. "सर, नमुना खराब झाला," म्हणून मी तो टाकायला निघाले. त्यांनी माझा हात धरला, नळी माझ्या मुठीत कोंबली आणि मूठ दाबून धरली. "गप उभी राहा." पाच मिनिटांनी मूठ उघडली तर रक्त पुन्हा एकसारखं झालेलं. "गारठ्यात तिच्याच प्रतिपिंडांनी तिच्या पेशी एकमेकींना चिकटवल्या. ऊब मिळाली, सोडल्या. आणि तू हे मोरीत ओतणार होतीस, ठोकळे." त्यांनी भुरीला जिवाणूवरचं औषध दिलं, आणि सोबत तिची प्रतिकारशक्ती थोडी दाबणारं दुसरंही. दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "रोग अंगात असताना प्रतिकार दाबता? वेड लागलंय का?" सर म्हणाले, "प्रतिकारानेच मरायला टेकलीय ती." बारा दिवसांनी भुरी मामांच्या डब्यातला बोंबील पळवताना सापडली.

त्या दिवसापासून माझी तुच्छता जरा डळमळीत झाली. सर मला रोज संध्याकाळी काचा तपासायला बसवू लागले. त्यांचा एक शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारला होता. बऱ्या झालेल्या मांजरांच्या रक्तातही हे ठिपके रोजच्या रोज, भरपूर दिसतात. शरीर त्यांना हाकलत नाही, सोबत घेऊन जगतं, असा त्यातला दावा. कॉलेजचं नाव पहिल्यांदाच परदेशात छापून येणार होतं. सरांकडे न बघता पुढे जाणारे प्राचार्य आता त्यांच्या खांद्यावर हात ठेवू लागले.

काचा रंगवायचा द्रव दर वेळी गाळावा लागतो. त्या वर्षी गाळणकागद संपला आणि कॉलेजने तो आणलाच नाही. सर म्हणाले, "नको गाळायला. ठिपका कुठला आणि गाळ कुठला, माझ्या डोळ्यांना कळतं." एका संध्याकाळी माझ्याकडून चुकून एका कोऱ्या काचेला रंग दिला गेला. टाकण्याआधी सहज भिंगाखाली धरली. काचेवर ठिपकेच ठिपके. तसेच गोल, तसेच जांभळे.

मी निबंधासाठी मोजलेल्या चार महिन्यांच्या काचा काढून बसले. भिंग किंचित वर घेतलं की पेशी पुसट व्हायच्या आणि ठिपके मात्र स्पष्ट. म्हणजे ते पेशींवर नव्हतेच, वर पडलेला गाळ होता तो. तीन दिवस मी त्याच काचा पुन्हा पुन्हा तपासत राहिले. ज्याने आयुष्यभर जगाला मूर्ख म्हटलं त्याला हे सांगायचं कसं? आणि खरं म्हणजे, मनात कुठेतरी मला आनंदही झाला होता. त्याची लाज अजून वाटते.

चौथ्या दिवशी मी दोन सूक्ष्मदर्शक शेजारी मांडले. एकाखाली भुरीची काच, दुसऱ्याखाली कोरी. सर आले, दोन्हीत डोकावले.

"दुसरं कुठल्या मांजरीचं?"

"कुठल्याच नाही, सर. कोरी काच आहे."

त्यांनी डोळा काढला नाही. बराच वेळ फक्त भिंग फिरवणारी बोटं हलत होती. मग म्हणाले, "बाहेर जा."

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. "लिहून घ्या," म्हणाले, "चार महिने मी रंगाचा गाळ मोजत होतो. चूक हिने शोधली." आणि पहिल्यांदाच माझं पूर्ण नाव उच्चारलं, आडनावासकट. ते त्यांना पाठ होतं.

दुपारी प्राचार्य समजवायला आले. छापून आल्यावर कोण बघतं, कॉलेजचं नाव होतंय, वगैरे. मागे चारदोन प्राध्यापक दुःखी चेहरे करून उभे. लग्नाचं जेवण झाल्यासारखी तृप्ती त्या चेहऱ्यांतून ओघळत होती. सरांनी प्राचार्यांचं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "तुम्ही गाळ आहात." मग स्वतः पोस्टात जाऊन निबंध मागे घेण्याचं पत्र टाकून आले. पुढे वर्षभर गाळलेल्या रंगाने तेच काम पुन्हा केलं. बऱ्या झालेल्या मांजरांत ठिपके क्वचित दिसत, कित्येक दिवस दिसतच नसत. ते आधीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. छापण्यासारखं काही उरलं नाही.

मी नगरच्या रक्तपेढ्यांत नोकरीसाठी अर्ज करत होते. शिफारसपत्र मागायला गेले तर त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: "ही चूक दाखवते. सोसवत असेल तर घ्या." दोन ठिकाणी ते पत्र वाचून माझ्याकडे परत सरकवलं गेलं. तिसऱ्या ठिकाणच्या वयस्क डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "उद्यापासून येता?"

दीड वर्षाने मामांचा फोन आला की सर गेले. मी एसटीने संगमनेरला पोचले तेव्हा कॉलेजात शोकसभा सुरू झालेली. एकेक जण उठून सांगत होता: सर किती प्रेमळ, किती मनमिळाऊ, विद्यार्थ्यांना पोटच्या पोरांसारखे. शेवटी मलाही बोलायला सांगितलं.

मी म्हणाले, "सर प्रेमळ नव्हते. मनमिळाऊ तर मुळीच नव्हते. इथल्या बहुतेकांना ते मूर्ख समजत, आणि फारसे चुकत नसत. पण त्यांची चूक मी दाखवली तेव्हा त्यांनी ती भर वर्गात मान्य केली. तुमच्यापैकी कोणी असं केलेलं मला आठवत नाही." आणि खाली बसले.

सभा संपली. बाहेर पायऱ्यांवर सोपानमामा उभे होते. डोळे लाल. म्हणाले, "बरं बोललीस, पोरी. पन सर असते तर म्हनले असते, लई लांबण लावली."

"व्हय मामा," मी म्हणाले. हसायला गेले, आणि तिथेच पायरीवर बसून रडले.