अकरा नावांचा कागद

मी देशाच्या क्रिकेट संघाची कर्णधार होते, असं बडोद्यात वासण्याच्या आमच्या सोसायटीत आजही कुणीतरी पाहुण्यांना सांगतं. पाहुणे मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतात, मग गुडघ्यांची चौकशी करतात. मी चहा टाकते.

एका मालिकेत आमच्यात इथून जवळच्या डभोईची एक मुलगी होती. माझ्यासारखीच फिरकी टाकायची. वडील रेल्वेत, ती एरवी रोज गाडीनं बडोद्याला सरावाला यायची. सगळे सामने तिनं आम्हाला पाणी देण्यात काढले. शेवटचा सामना इथे, बडोद्यातच होता. आदल्या दिवशी माझं बोट सुजलं, चेंडू धरवेना. संध्याकाळी मी तिला म्हटलं, "उद्या माझ्या जागी तू." तिनं डभोईला निरोप धाडला. सकाळी वडील रजा टाकून हजर, इस्त्रीचा शर्ट घालून.

आणि सकाळीच माझी मती फिरली. माझ्या गावात, माझ्या माणसांसमोर नाणेफेकीला दुसरी कुणी जाणार, हे मला सोसेना. अकरा नावांच्या कागदावर मी पहिलं नाव माझंच लिहिलं. तिला म्हटलं, "पुढच्या मालिकेत नक्की."

"वांधा नाही, ताई," म्हणून ती बाटल्या भरायला गेली.

दुपारी बोटानं दगा दिलाच. मी बाहेर आले, माझ्या बदली ती आत गेली. सीमारेषेशी धावत जाऊन तिनं असा झेल घेतला की वडील उभेच राहिले. धावपुस्तकात लिहिलं गेलं : झेल, बदली खेळाडू. नाव लिहायची पद्धत नव्हती.

पुढची मालिका व्हायला कित्येक वर्षं लागली. बायकांच्या क्रिकेटसाठी कुणाला सवड होती? तोवर तिचा खांदा गेला होता, आणि माझंही संपलं होतं.

मध्यंतरी इथेच अलकापुरीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. ती मुलीला घेऊन आली होती. मुलीनं फोनवर त्या सामन्याचा धावफलक उघडून माझ्यापुढे धरला. "मावशी, मम्मी इंडियाकडून खेळली होती ने? यात तर तिचं नावच नाही."

"झेल तिनंच घेतला होता," मी म्हटलं.

"मग टीममध्ये का नव्हती?"

"जाऊ दे ने," आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता पर्स आवरू लागली. तो कागद कुणी लिहिला, हे तिनं मुलीला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.