पुलाजवळच्या खानावळीतलं वांग्याचं कालवण

आमचे मालक बाजाराच्या दिवशी संगमनेरला जायचे आणि जेवूनच परत यायचे. प्रवरेच्या पुलाजवळ तेव्हा खानावळींची आणि चहाच्या हॉटेलांची रांग होती. पुणे-नाशिकच्या गाड्या तिथं थांबायच्या, बाजारकरी बैल सोडून काठावरच जेवायला बसायचे. रांगेतल्या शेवटच्या खानावळीत वांग्याचं कालवण फार चांगलं मिळतं, असं सगळी भावकी सांगायची. आमच्या मालकांनी मात्र मला कधी सांगितलं नाही.

घरी जेवणाबद्दल त्यांनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. खारट झालं तरी गप्प, चांगलं झालं तरी गप्प. स्वभावच तसा, असं मी धरून चालले होते. पण बाजाराहून आले की म्हणायचे, "भूक न्हाई." माझ्या भाकरी टोपल्यात तशाच राहायच्या.

एकदा मी विचारलं, "कोन करतं हो तिथलं कालवन?"

"एक बाई हाय," एवढंच म्हणाले आणि बैलांना वैरण टाकायला गेले.

एक बाई! माझ्या डोक्यात किडाच शिरला. पीठ मळताना, पाणी शेंदताना ती बाई मला दिसायला लागली. तरणी, गोरी, हातभर हिरव्या बांगड्या, वाकून वाढताना हसणारी.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आधीचा हिवाळा होता. लुगडं घ्यायचं निमित्त काढून मी गाडीत बसले. लुगडं घेतलं, पण त्याचा रंगही मी धड बघितला नाही. दुपारी मालक मला पुलाजवळ घेऊन आले. प्रवरेला पाणी होतं. सगळ्या काठावर धूर आणि फोडणीचा वास पसरला होता. शेवटच्या खानावळीत बायकांसाठी पडदा लावून एक कोपरा केलेला होता. मला तिथं बसवून ते बाहेर बाकावर, गावातल्या माणसांत जाऊन बसले.

ती बाई ताट घेऊन आत आली. साठीच्या पुढची, पाठीत वाकलेली, हात मसाल्यानं काळे पडलेले. मनातून मी हुश्श केलं. पहिला घास घेतला. कालवण खरंच माझ्यापेक्षा चांगलं होतं. घासागणिक जीव जळत होता आणि हात मात्र थांबत नव्हता.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "मावशे, आज झाक जमलंय बग! आन अजून थोडा रस्सा. मागल्या खेपंला तिखट कमी हुतं."

आवाज आमच्या मालकांचा होता. मी पडदा बाजूला करून बघितलं. ते हसत होते. मावशी पळीभर रस्सा वाढत म्हणाली, "तुमी सांगितलं म्हनून तर आज मिरची वाढवली, दादा!"

तरणी बाई निघाली असती तर एवढं लागलं नसतं. तिच्याशी भांडले तरी असते. या म्हातारीला त्यांच्या जिभेची चव माहीत होती, कारण ते तिला सांगत होते. मी मात्र इतकी वर्षं अंदाजानं रांधत आले होते.

गाडी गावाकडं वळली तेव्हा मला राहवलं नाही. "तिथं लई बोलता येतं तुमाला. घरी का तोंड शिवलेलं असतं?"

ते गोंधळले. कासरा सैल सोडून म्हणाले, "अगं, खानावळीत न बोलता कोन वाढतंय? घरी तू न मागता वाढतीस. बोलायचं काय?"

ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ताटात नुसती भाकरी ठेवली आणि कालवणाचं पातेलं मांडीशी घेऊन बसले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वाट बघितली, पातेल्याकडं बघितलं.

"वाड की."

मी एक पळी वाढली आणि हात आवरला. त्यांनी घास खाल्ला, मान खाली घातली.

"कसं झालंय?"

"बरं हाय."

"बरं म्हंजे?"

त्यांनी अजून एक घास कालवणात बुडवला. मग अवघडून म्हणाले, "दान्याचा कूट जरा जास्त झालाय. मला पातळ आवडतं."

मला हसू आलं आणि रडूही. ते बघून ते घाबरलेच. "न्हाई, चांगलं हाय, चांगलं हाय," म्हणायला लागले. मी पातेल्यात गरम पाणी ओतलं, चुलीवर एक उकळी आणली आणि पुन्हा वाढलं.