‘जाते मी’ या वाक्याचं काम

देवाच्या भांड्यांना चिंच लावून बसले होते. तांब्या झाला, घंटा झाली, समई अर्धी लख्ख आणि अर्धी काळी होती, तेवढ्यात शेजारची मंजुषा गॅलरीतून आत आली आणि म्हणाली, "काकू, गॅस मोकळा आहे का?"

मी म्हटलं, "आहे की."

आणि पुन्हा समईला लागले. ती हसायला लागली. "गेलं माझं वाक्य वाया! अहो, प्रश्न नव्हता तो. चहा टाका म्हणत होते."

रोज रामनाम लिहून झालं की वहीत खाली दोन ओळी दिवसाच्या लिहायची माझी सवय आहे. आज मंजुषाचं लिहायचं म्हणजे दोन ओळींत भागायचं नाही.

मंजुषा विधाते इथं पंचवटीतल्याच एका शाळेत नववीला मराठी शिकवते. मूळची हरसूलची. आठवडे बाजारात वडिलांच्या शेजारी पोत्यावर बसून वाढलेली. ती म्हणते, "आमच्या बाजारात ‘केवढ्याला?’ हा प्रश्न नसायचा काकू, ती भांडणाची सुरुवात असायची." तेव्हापासून तिला बोलण्याचं वेड. लग्न होऊन आली ती फुलं पिकवणाऱ्या घरात. मखमलाबादेकडे यांचा झेंडू आणि गुलाब. सासू साळूबाई फुलबाजारात बसते, आणि मंजुषा पदराला खडू लावून शाळेत जाते. घरी कोण काय बोललं ते दुसऱ्या दिवशी वर्गात उदाहरण होऊन येतं, हे साळूबाईला आजपर्यंत माहीत नव्हतं.

सध्या ती मुलांना शिकवतेय ते असं, की वाक्याचं रूप एक असतं आणि काम दुसरंच. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी हे मुलांना पाठ असतं. पण मोठ्या बाई वर्गात येऊन "पंखा चालू आहे का?" म्हणतात, तेव्हा रूप प्रश्नाचं आणि काम हुकमाचं. बोलण्याची कामं तिनं पाच सांगितली. माहिती देणं, दुसऱ्याकडून काही करवून घेणं, शब्द देणं, मनातलं बाहेर काढणं, आणि पाचवं म्हणजे नुसत्या बोलण्यानं गोष्ट घडवणं. हे पाचवं मुलांना समजेना. तेव्हा मी तिला पुण्याहवाचनाचं सांगितलं. यजमान म्हणतो, आजचा दिवस पुण्याचा असं आपण म्हणावं. गुरुजी म्हणतात, पुण्याहम्. झाला दिवस पुण्याचा. पंचवटीतली मुलं ती, निम्म्यांच्या घरात पूजेचे पाट मांडलेले. लगेच कळलं त्यांना.

पण आज ती चहा न पिता नुसती कप फिरवत बसली होती. मला कारण ठाऊक होतं. सरिता.

सरिता म्हणजे तिची धाकटी जाऊ, महेशची बायको, चांदवडची. दोघी जावा म्हणजे एका वेणीतल्या दोन पेडांसारख्या. सरितेच्या भावाच्या घराची वास्तुशांत होती. ती म्हणाली, चार दिवस जास्त राहीन म्हणते. फुलांचे दिवस, साळूबाईचं डोकं तापलेलं. ती बोलून गेली, "ऱ्हा की खुशाल. तुझ्यावाचून काय अडलंय आमचं?" सरिता उंबऱ्यात पिशवी घेऊन उभी होती. म्हणाली, "मग जाते मी."

आणि गेली.

आता घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे चिमुरड्या पोरीलाही कळतं. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालो तरी ‘येते’ म्हणायचं. वास्तुशांत होऊन गेली, नव्या घराच्या भिंती वाळल्या, तरी सरिता आली नाही. ती म्हणते बोलावलं तर येईन. साळूबाई म्हणते, "जाते म्हणाली ना? मी नाय धाडली, मी कशाला बोलावू?" महेश बिचारा दोन्हीकडे फोन करतो आणि दोन्हीकडून बोलणी खातो. पोळा तोंडावर आलेला. सणाला सून उंबऱ्याच्या आत नसली की भाऊबंद ते पक्कंच धरतात, आणि मग बारीकशी चीर भेग होऊन बसते. मंजुषाला तीच धास्ती. माझ्या समईपुढच्या प्रार्थनेतही रोज तेच.

"आज मी फळ्यावर लिहिलं, काकू," ती कप खाली ठेवत म्हणाली. "नाव नाही घेतलं कुणाचं. ‘एक सून उंबऱ्यात उभी राहून सासूला म्हणते, जाते मी. काम सांगा.’"

"अगं बाई! मग?"

मग तिनं अख्खा वर्ग माझ्यापुढे उभा केला. तिला सगळ्यांचे आवाज काढता येतात.

मयूर म्हणाला, "मॅडम, माहिती. गेली ती. विषय संपला."

स्नेहा म्हणाली, "ए, जायचंच असतं तर सांगत बसली असती का? निघून गेली असती गुपचूप."

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, पिशवी केवढी होती? लहान असली तर धमकी, मोठी असली तर जाहीर केलं."

वर्ग नुसता खदखदला. मग भाग्यश्री उठली. फार बोलत नाही ती मुलगी. म्हणाली, "माझी मम्मी पण म्हणते, जाते मी माहेरी. मग पप्पा म्हणतात, चहा टाक, अर्धा अर्धा घेऊ, मग जा. ती काही जात नाही. मॅडम, ते ‘थांबवा मला’ असतं."

"आणि सासू काय बोलली त्यावर?" स्नेहानं विचारलं.

"काहीच नाही," मंजुषानं सांगितलं.

"मग त्या सुनेचं वाक्य फुकट गेलं की!"

एवढं सांगून मंजुषा माझ्याकडे बघत राहिली. मघाशी माझ्या दारात तिचं स्वतःचं वाक्य वाया गेलं होतं, ते आठवून आम्हाला हसू आलं. ते पुरतं यायच्या आत दारात साळूबाई. डोक्यावर रिकामी पाटी, तोंड लाल.

"काय गं मंजे, मला फळ्यावर चढवली?"

मयूरची आजी फुलबाजारात हिच्याच शेजारी बसते, हे मंजुषाच्या ध्यानातच नव्हतं. शाळा सुटल्यावर पोरगं थेट आजीकडे गेलेलं.

"आई, नाव नाही घेतलं मी."

"नाव कशाला पाह्यजे? ती म्हातारी सगळ्या बाजाराला सांगून ऱ्हायली, साळूबाईची सासुरकी शाळेत शिकवत्यात म्हणून! आता परीक्षेला पण येईन का मी?"

"पाच मार्कांना," मंजुषाच्या तोंडून निसटलं.

मी समईत तोंड घातलं. साळूबाईनं पाटी खाली आपटली, पायरीवर बसली, पदरानं गळा पुसला. जराशानं, भिंतीकडे बघत, म्हणाली, "मंग... पोरं काय म्हणाली?"

"कशाबद्दल?"

"त्या वाक्याबद्दल, अजून कशाबद्दल! लय शहाणी हायेस."

मंजुषानं सांगितलं. भाग्यश्रीच्या मम्मीचं, अर्ध्या चहाचं, थांबवा मला. साळूबाई पाटीच्या काड्या मोजल्यासारखी बोटं फिरवत राहिली.

"मला काय ठावं," ती शेवटी म्हणाली. "आमच्या टायमाला जाते म्हणजे जाते व्हतं." मग उठून आपल्या घरात गेली. मंजुषाचा चेहरा पडला. मी म्हटलं, "थांब जरा. राम आहे."

खरंच, दोन मिनिटांत साळूबाई परत आली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात पुरणयंत्राची बारीक जाळी. मोबाइल माझ्यापुढे धरला. "वहिनी, त्या सरितेला लावून द्या. मला चष्म्याबिगर दिसत नाय."

चष्मा कपाळावर होता. चिंचेचा हात पुसून नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हॅलो? आई?" सरितेचा आवाज लगेच आला, जशी फोनपाशीच बसली होती.

"काय नाय. पोळा आलाय. पुरणयंत्राची बारीक जाळी कुठं ठिवलीस?"

"मांडणीवर, आई. पितळी डब्याच्या मागं."

"नाय तिथं." जाळी हातात. उन्हाला धरून ती तिच्या भोकांतून बघत होती.

"मग खालच्या फळीवर बघा."

"बघितलं. समदं घर पालथं घातलं. सापडंना. तुझ्या हातचं ठिवलेलं, मला कसं गवसणार?"

मंजुषानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि सरिता म्हणाली, "तुम्ही नका शोधू. तुमचे गुडघे दुखतात. मी काढून देते."

"कशी देशील? चांदवडवरनं?"

"आत्ताची गाडी धरते, आई. येते."

"हां," साळूबाई म्हणाली, "सावकाश ये," आणि फोन माझ्या हातात कोंबला. डोळे पुसायला पदर धरला खरा, पण तोंडानं म्हणाली, "चिंचेचा वास लय बाई तुमच्या घरात. झोंबतो."

मंजुषा टाळ्या पिटत म्हणाली, "आई, रूप प्रश्नाचं आणि काम..."

"गप ऱ्हा. हे फळ्यावर लिहिशील तर याद राख." मग एकदम हातातल्या जाळीकडे तिचं लक्ष गेलं. चेहराच उतरला. "आता ही कुठं घालू? ती आल्या आल्या मांडणीच बघंल!"

आमच्या तिघींचं हसणं खालच्या फुलवाल्यापर्यंत गेलं असेल. ती जाळी मी घेतली. चिंच लावून घासली, धुतली आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे ठेवून दिली. लोणी लपवायची सवय असलेला देव आहे, जाळीचंही बघेल तो. रात्री सरितेनं मांडणी शोधून झाली, की साळूबाई माझ्या दारात येऊन म्हणणार आहे, "वहिनी, तुमच्याकडं तर नाय आली चुकून?" तेही ठरलं.

माझी समई अजून अर्धीच आहे. मंजुषा तपासायच्या वह्या माझ्या कट्ट्यावरच ठेवून, स्कूटीची किल्ली शोधत उठली. दारात वळून म्हणाली, "येते हं, काकू."

चांदवडची गाडी थांबते त्या आडगाव नाक्यावर सरितेला घ्यायला गेली आहे.