आईंच्या मापाची जीप

जीपच्या मडगार्डमध्ये चिखल साठतो ना, तसे या जीपवाल्या मंडळींचे किस्से साठतात. कितीही धुवा, रविवारी पोहे खाताना कुठून तरी एक ढेकूळ निसटतंच! लग्न होऊन इंदिरानगरच्या या घरात आले तेव्हा मला जीपबद्दल एवढंच माहीत होतं की ती कारपेक्षा जास्त आदळते. नवऱ्याच्या मित्रांमध्ये मी आपली गप्प बसते. आणि गप्प बसणाऱ्या माणसासमोर लोक भरपूर बोलतात!

तर प्रश्न असा होता. आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, माहेर त्र्यंबकच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत. वाटेत ओढा. पावसाळ्यात तिथे जीपच पोचते, पण तीसुद्धा दगडांवर पोट खरवडत. म्हणून उंच स्प्रिंगा घालून आमची जीप वर उचलायची ठरली. मित्रांच्या भाषेत, ‘लिफ्ट’. वाद एवढाच, किती?

अमोलचं, माझ्या नवऱ्याचं, म्हणणं दोन इंच.

“दोन इंच?” त्याचा मित्र बंटी ओरडला. “अरे ती लिफ्ट नाही, चपलेला नवीन सोल झाला!”

*

बंटीची स्वतःची जीप चार इंच उचललेली. टायर एवढे मोठे की स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की आत घासतात. म्हणून बंटी होता होईल तो उजवीकडे वळतच नाही. एकदा आमची गल्ली उजव्या हाताला समोर दिसत असताना सरळ पुढे गेला आणि तीन वेळा डावीकडे वळून आला.

“प्रदक्षिणा घालून आलास का रे?” अमोलने विचारलं.

“मग? देवळात थेट घुसतात का?”

*

लग्नानंतर बंटीकडे जेवायला गेलो होतो. निघताना बंटीची बायको स्वप्ना खाली सोडायला आली. त्यांच्या जीपच्या मागच्या दारावर स्टेपनीच्या जागी लाल प्लॅस्टिकचं स्टूल दोरीने आवळून बांधलेलं.

“स्टेपनी कुठे गेली?” मी विचारलं.

“एवढं मोठं टायर तिथे बसत नाही.”

“आणि पंक्चर झालं तर?”

“पंक्चर काय गं, कधीतरी होतं,” स्वप्ना म्हणाली. “चढायचं रोज असतं!”

*

ते स्टूल पुढे एका रविवारी आईंनी आमच्या गॅलरीतून पाहिलं. स्वप्ना स्टुलावर, बंटी खालून धरून, आणि तोंडाने “हां, आता डावा पाय, डावा!”

दुपारी जेवताना आई एवढंच म्हणाल्या, “अमोल, मी माळ्यावर चढते तेव्हा स्टूल घेते. माहेरी जायला घेणार नाही. ज्या गाडीत मला माझ्या पायांनी चढता येत नाही ती दारात नको. तशी केलीस तर विकून टाक.”

अमोल आमटी न घेताच उठला. साहजिक आहे. ही जीप त्याने माझ्याआधी पसंत केली होती! आणि आई बोलल्या की बोलल्या, हे मलाही एव्हाना कळलं होतं.

उचलली नाही तर ओढ्यात अडकणार, जास्त उचलली तर घरातून जाणार.

*

यावर तोडगा काढला डॉक्टरांनी. हे या ग्रुपमधले तिसरे. दातांचे डॉक्टर. म्हणाले, “आधी माप घ्यायचं, मग कवळी करायची. नंतर घासत बसायचं नाही.”

झालं! पार्किंगमध्ये जॅक लावून जीपच्या चारी चाकांखाली जेवायला बसायचे पाट सरकवले. एका पाटाची उंची साधारण दोन इंच. आईंना खाली बोलावलं. पहिल्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येत होत्या. पाटांवर विराजमान जीप बघून थांबल्या.

“काय गं, गाडीचं केळवण?”

“हो काकू,” मी म्हटलं. “माझ्या वेळी एवढे पाट निघाले नव्हते.”

आईंनी पदर खोचला, दाराचं हँडल धरलं आणि एका दमात आत! टाळ्या झाल्या. मग बंटीने हट्टाने पाटावर पाट रचायला लावले. आईंनी पाय उचलला, साडी गुडघ्याशी ताणली गेली, तसा खाली ठेवला.

“नाही,” म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

जीप खाली उतरवताना काड्कन आवाज आला. मोडलेल्या पाटावर चंदेरी फुल्या होत्या. माझ्या रुखवतातला! सगळे माझ्याकडे बघायला लागले.

डॉक्टर वाकून तुकडे निरखत होते. “वहिनी, हा मुळातच हलत होता.”

*

दोन इंच ठरले. मग टायर. बंटीला हवे होते खोल खाचांचे, खास चिखलाचे. डॉक्टर दुकानात प्रत्येक टायरच्या खाचेत बोट घालून बघत होते. “याच्या फटी मोठ्या आहेत. खडे अडकणार.” दुकानदाराला वाटलं, साहेब टायर कंपनीतले असावेत. त्याने चहा मागवला.

अमोलला धाकधूक वेगळीच. चिखलाचे टायर डांबरी रस्त्यावर घोंगावतात, आणि आईंना गाडीत डुलकी लागते.

“आवाज खरंच एवढा होतो का?” त्याने फोन करून स्वप्नाला विचारलं.

“मला सोयीचं आहे,” ती म्हणाली. “बंटी कोपऱ्यावर आला की ऐकू येतं, मी फोडणी टाकते. पोळ्या गरम मिळतात त्याला.”

आम्ही मधले घेतले. चिखलातही चालणारे आणि झोपूही देणारे. आकाराने मूळच्यापेक्षा जरासेच मोठे, कारण अमोलला उजवीकडेही वळायचं होतं!

*

सिन्नरच्या गॅरेजमधून काम करून आणलं आणि राखीला वाडीवर निघालो. पुढे अमोल आणि आई, मागे मी, आमच्या मागून बंटीच्या उंच जीपमध्ये बंटी आणि डॉक्टर. आई आपल्या पायांनी चढल्या होत्या, त्यामुळे अमोलचा चेहरा सकाळपासून उजळलेला.

ओढा आला. आईंनी राखीची पिशवी पोटाशी धरली, डोळे मिटले आणि नेहमीच्या खर्रर्र आवाजाची वाट बघायला लागल्या. आवाज आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही पलीकडे होतो.

“संपला?” म्हणाल्या. “एवढाच होता होय ओढा!”

मामांना राखी बांधून झाली, जेवणं झाली. वाडीच्या मागे टेकडीवर एक पठार आहे. लहानपणी आई तिथे गुरं घेऊन जायच्या. लग्नानंतर गेलेल्या नव्हत्या, आणि आता पायी चढणं गुडघ्यांनी जमलंच नसतं. अमोलने गाडी त्या वाटेला घातली. अर्ध्यात एक मोठी दगडी पायरी आली. तो उतरला, वाकून बघितलं, परत बसला.

“नाही जाणार, आई. टेकेल खाली.”

मागून बंटी आला, डोलत डोलत पायरी चढला आणि वर गेला. थोड्या वेळाने वरून त्याची हाक आली, “काकू! अहो इथून सगळं धरण दिसतंय! आणि रानफुलं तर काय!”

आई मान वर करून बघत राहिल्या. परतीच्या वाटेवर मान वळवून पठाराकडेच बघत होत्या. डुलकीही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, “चल गं जरा मेन रोडला.” आईंना मी साडीशिवाय कशात पाहिलेलं नाही, त्यामुळे कपड्यांच्या दुकानात शिरून त्या पंजाबी ड्रेसच्या काउंटरला गेल्या तेव्हा मला वाटलं, सणाचं काही मला घेतायत.

“सूनबाईंना दाखवू?” दुकानदाराने विचारलं.

“मला,” आई म्हणाल्या. “सलवार घेराची दाखवा. पाय वर टाकावा लागतो.”

“किती वर, मावशी?”

आईंनी हात गुडघ्याच्या वर धरला. मग जरा विचार केला आणि तो आणखी दोन बोटं वर नेला.