नंदिनीची तांबी

नंदिनी गजभिये हुडकेश्वरला आमच्या मागच्या गल्लीत राहते आणि शाळेची व्हॅन चालवते. माझी मुलगी मुग्धा तिच्याच व्हॅनमधून जाते.

व्हॅन मुळात तिच्या नवऱ्याची, प्रेमानंदची. कोरोनात शाळा बंद पडल्या आणि ती दोन वर्षं दारात उभी राहिली. प्रेमानंदने हिंगण्याला एका कारखान्यात नोकरी धरली, कंपनीच्या बसने जाऊ-येऊ लागला. शाळा उघडल्या तेव्हा त्याने व्हॅन विकायचं ठरवलं, बघायला गिऱ्हाईकही आलं. नंदिनीने किल्लीच दिली नाही. म्हणाली, "विकू नका, मी चालवतो." तिच्या सासूबाई, अंजनाबाई, पोट धरून हसल्या होत्या म्हणे. त्या उन्हाळ्यात महिनाभर रोज सकाळी नंदिनी ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटांवर व्हॅन मागे-पुढे करत होती. मुलगा सम्यक सहा वर्षांचा. तो बाहेर उभा राहून ओरडायचा, "मम्मी, खांब! मम्मी, खांब!" मुलगी सोनिका तेव्हा दोन वर्षांची, आजीच्या कडेवर. जूनमध्ये नंदिनीच्या व्हॅनमध्ये तेरा पोरं होती आणि एकाही आईबापाने नंतर तक्रार केली नाही.

त्या हिवाळ्यात एका सकाळी तिच्या फोनवरून मुग्धाने मला फोन केला. "आई, व्हॅनताईला दिसत नाहीये."

मी गाडी काढून धावले. व्हॅन रस्त्याच्या कडेला नीट लावलेली होती, इंडिकेटर चालू होता. नंदिनी स्टेअरिंगवर हात ठेवून डोळे मिटून बसली होती आणि आतली पोरं कधी नव्हे ती चिडीचूप. सम्यक शेजारी पाण्याची बाटली घेऊन बसला होता.

"ताई, डोळ्यापुढं आरशाचे तुकडे चमकल्यासारखे होऊन राहिले," ती म्हणाली. "अर्धा रस्ताच दिसत नाही. पोरायले आधी शाळेत सोडून द्या."

दोन ऑटो करून पोरं पाठवली. तिला मी माझ्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. तोवर तिला चमकायचं थांबून डोकं फुटायची पाळी आली होती. हे चौथ्यांदा होत होतं, हे तिने तिथे सांगितलं. घरी कोणाला बोलली नव्हती, कारण बोलली असती तर व्हॅन गेली असती.

मॅडमनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

गोळ्या होत्या. सोनिकाचं दूध सुटल्यावर, दिवस राहू नयेत म्हणून सुरू केलेल्या. मॅडमनी त्या तिथल्या तिथे बंद केल्या. डोळ्यांपुढे असं चमकून दुखणाऱ्या डोकेदुखीत या गोळ्या देत नाहीत म्हणाल्या, लकवा मारायचा धोका वाढतो. बिनधोक्याच्या दुसऱ्या गोळ्या, इंजेक्शन असंही त्यांनी सांगितलं, पण नंदिनीने हात जोडले. "मॅडम, अंगात काही फिरवणारं औषधच नको. मी पोरं घेऊन फिरतो."

"मग तीन रस्ते आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुझं ऑपरेशन, नवऱ्याचं ऑपरेशन, नाहीतर तांबी. तांब्याची असते, तिच्यात हार्मोन नसतं. दहा वर्षं चालते. आणि मन बदललं तर काढता येते."

घरी यावर आठ दिवस चर्चा चालली. भिंतीला भिंत नसली तरी मला सगळं कळायचं, कारण नंदिनी मुग्धाला सोडायला आली की दारात उभी राहून सांगायची. अंजनाबाईंचं म्हणणं सरळ होतं. एक पोट्टा झाला, एक पोट्टी झाली, आता कशाले ठेवायचं? ऑपरेशन करून टाक, मोकळी हो. नवऱ्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचं काहून? त्याले मशीनवर उभं राहा लागते."

"मलेबी व्हॅनवर बसा लागते, आई," नंदिनी म्हणाली.

प्रेमानंद नुसता ताटाकडे बघत होता. तो वाईट माणूस नाही.

ऑपरेशन म्हटलं की निदान आठवडाभर विश्रांती, जड उचलायचं नाही. तेवढ्यात तेरा पोरांच्या आयांनी दुसरी व्हॅन बघितली असती. म्हणून नंदिनीने तांबी निवडली. मला विचारलं, "तुमची आहे ना, ताई? दुखते का?" मी खरं सांगितलं. बसवताना कळ येते, पुढचे तीन-चार महिने पाळीत जास्त जातं, मग शरीर ऐकतं. पाळी संपल्यावर एका शनिवारी दुपारी मीच तिच्यासोबत गेले. टेबलावर तिने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी वाकली. पाच मिनिटांत झालं. मॅडमनी तांबीचा दोरा कसा तपासायचा ते शिकवलं. सोमवारी सकाळी पावणेसातला ती हॉर्न वाजवत दारात हजर.

डोकेदुखी जवळजवळ गेली. सुरुवातीचे महिने तिला पाळीत त्रास झाला, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या, पण नंतर तीही घडी बसली. दुसऱ्या वर्षी तिने व्हॅनला नवीन सीटकव्हर घातली, दोन फेऱ्या सुरू केल्या. एकदा मला म्हणाली, "ताई, पाळीची तारीख आली की आधी माझा जीव खालीवर होत होता. आता कॅलेंडर पाहातच नाही मी." हसत होती. मी तिला इतकं मोकळं हसताना त्या दोन वर्षांतच पाहिलं.

मग ऑक्टोबर आला. दसऱ्याला चौघं आजीला घेऊन दीक्षाभूमीवर जाऊन आले. त्यानंतर पाचव्या दिवशी सम्यकला ताप भरला. आमच्या ले-आउटमध्ये त्या महिन्यात घरोघरी डेंग्यू होता; आमच्याकडे माझ्या नवऱ्याला होऊन गेला होता. सगळे बरे झाले. सम्यकचाही ताप तिसऱ्या दिवशी उतरला, त्याने खिचडी मागून खाल्ली. मग पोट दुखायला लागलं आणि हातपाय गार पडले. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. दोन दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आठ वर्षांचा होता. तिसरीत.

पुढचे दिवस मी सांगत नाही. मला सांगता येणार नाहीत.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझ्या हातून झाली. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. ती गॅसवर दूध ठेवून उभी होती. काय बोलावं ते सुचत नव्हतं आणि गप्पही राहवत नव्हतं. मी म्हणाले, "बरं झालं वं, तू ऑपरेशन नाही केलं. अजून काही वेळ गेली नाही."

दूध उतू गेलं. ती तशीच उभी. गॅस मी बंद केला.

मी एकटी नव्हते. पुढच्या काही महिन्यांत तेच वाक्य तिला सगळ्यांनी ऐकवलं. अंजनाबाईंनी, तिच्या माहेरच्यांनी, शेजारच्या यमुताईंनी. सगळ्यांना आता ती तांबी चांगली वाटायला लागली होती, कारण ती काढता येत होती.

नंदिनी बाविसाव्या दिवशी व्हॅनवर परतली. तिच्या शेजारच्या जागेवर कोणी बसत नव्हतं, पोरांनी आपसातच ठरवलं असावं. महिन्याभराने पहिलीतला एक नवा मुलगा येऊन बसला, कारण त्याला काही माहीत नव्हतं. मुग्धा सांगत होती, व्हॅनताईने त्याचा बेल्ट लावून दिला आणि त्या दिवशी गाडी फार हळू चालवली.

उन्हाळ्यात प्रेमानंदने पहिल्यांदा विषय काढला. "घर खायले उठते, नंदिनी," तो म्हणाला. "सोनिका एकटी पडली. काढून टाकू ती तांबी." ती म्हणाली, बघू. तो रागावला नाही, रोज विचारतही नव्हता, पण महिन्यातून एकदा विचारायचा. जुलैत तिने एकदा उत्तर दिलंच नाही, तर तो जेवता जेवता उठून गेला. ऑगस्टमध्ये ती हो म्हणाली.

त्याने सुट्टी काढली, दोघं मोटारसायकलवर आले. मला तिने आधीच बोलावलं होतं, मी ऑटोने पोहोचले. प्रेमानंद बाहेर बाकावर बसला. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. लग्नाची बोलणी करायला आल्यासारखा दिसत होता.

आत मॅडम म्हणाल्या, "काढायला दोन मिनिटं पुरतात, बसवण्यापेक्षा सोपं आहे. पण आधी सांग, मूल हवंय?"

"घरच्यायले पाहिजे."

"तुला?"

नंदिनी टेबलाच्या कडेला बसली होती, पाय लोंबकळत. ती पायांच्या बोटांकडे बघत राहिली.

"मले सम्यक पाहिजे," ती म्हणाली.

मॅडमनी हातमोजे काढून ठेवले.

"दुसरं लेकरू झालं, तर त्याच्या तोंडाकडे पाहून मी काय शोधीन ते मले माहीत आहे. तो रडला तरी मी म्हणीन, असा नव्हता रडत. त्या लेकराचा काय गुन्हा, मॅडम?"

"घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझं वय आहे अजून. तुला वाटेल तेव्हा ये, नाही वाटलं तर नको येऊस. तुझ्याशिवाय हे कोणी ठरवायचं नाही."

नंदिनी खाली उतरली, साडी सारखी केली आणि बाहेर आली. प्रेमानंद उभा राहिला.

"काढली?"

"नाई."

त्याचा चेहरा आधी नुसता कोरा झाला. मग तो मोठ्याने बोलला, बसलेल्या सगळ्या बायांसमोर. "तुले काहीच वाटत नाही का वं? काहीच?"

तो जिना उतरून गेला. आम्ही खाली आलो तेव्हा तो मोटारसायकलवर बसून हँडलवर कपाळ टेकवून रडत होता. सम्यक गेला तेव्हा तो रडला नव्हता, माणसं सांभाळत होता. नंदिनी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली. त्याने गाडी सुरू केली आणि तिला तिथेच सोडून निघून गेला.

ऑटोत आम्ही दोघी. मला वाटलं, आता तरी बोलावं. मी म्हणाले, "नंदिनी, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं. ऑपरेशनचं. मला माफ कर."

ती बाहेर बघत होती. "तुमचं काय चुकलं, ताई? तुमच्या आधी मीच म्हटलं."

मला कळेना.

"सम्यकले दवाखान्यातून घरी आणून राहिलो होतो. त्याचं डोकं माह्या मांडीवर. अन् एकदम मले आठवलं, आपलं ऑपरेशन नाही, तांबी आहे. अन् ताई, मले बरं वाटलं. एकच क्षण. पण वाटलं. पोट्टा मांडीवर, अजून पुरता गारबी नव्हता झाला, अन् त्याची माय दुसऱ्याचा विचार करून राहिली. हे मी कोणाले सांगू? सम्यकच्या बाबायले सांगू?"

मी तिला समजावलं. आईचं मन त्या घडीला काहीही धरतं, त्याला पाप म्हणत नाहीत, असं कायकाय मी बोलत राहिले. तिने ऐकून घेतलं. तिला ते पटलं असं मला वाटत नाही.

पंधरा दिवसांनी अंजनाबाई माझ्याकडे आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या गल्लीबाहेर जात नाहीत, पण आल्या. सून तुमचं ऐकते, तुम्ही तिला सांगा, म्हणाल्या. मी म्हणाले, मावशी, मी नाही सांगणार. मला वाटलं चिडतील. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मले पोट्टाच पाहिजे असं नाही वं, बाई. पोट्टी झाली तरी चालते. घरात आवाजच नाही राहिला. सोनिकाबी हळू बोलते आता, मोठ्या माणसावानी." मी चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही, तशाच भिंत धरत धरत गेल्या.

प्रेमानंदने आता कायमची दुपारची पाळी मागून घेतली आहे. सम्यक संध्याकाळी त्याची बस यायच्या वेळी कोपऱ्यावर उभा राहायचा. ती वेळ त्याला घरी नको असते. नंदिनी सकाळी जाते, तो दुपारी जातो. दोघांची गाठ जेवणापुरती पडते. भांडण होत नाही. सोनिकाला तो फार जपतो, मच्छरदाणी स्वतः खोचतो, कूलरमधलं पाणी दर दोन दिवसांनी स्वतः काढतो.

मागच्या महिन्यात नंदिनी तपासणीला जाऊन आली. दोरा जागेवर आहे, सगळं ठीक आहे. डोकं आता वर्षातून एखाद्या वेळी दुखतं. येताना ती माझ्याकडे थांबली, पाणी प्यायली. मी विचारलं, प्रेमानंद अजून काढायचं म्हणतो का.

"नाई," ती म्हणाली. "आता ते काहीच नाही म्हणत."

तिने ग्लास खाली ठेवला. लहान वर्ग सुटायची वेळ झाली होती, ती उठली.