उंदीर सांभाळणारे नाना

आमच्या जळगावच्या फार्मसी कॉलेजात उंदीर सांभाळणाऱ्या नानांबरोबर मी रोज दुपारी चहा पितो. उंदीर दचकू नयेत म्हणून ते खोलीत शिरण्याआधी दार वाजवतात. उंदरांच्या पांढऱ्या आणि काळ्या कुळाला एकच औषध सारखंच दिलं, तर पांढरे तासभर झोपतात आणि काळे लगेच पळायला लागतात, हे त्यांनीच मला दाखवलं होतं.

तरी कंबर धरली म्हणून मी त्यांच्यासमोरच माझ्या साल्याची दुखण्यावरची कडक गोळी गिळली. "तो दोन घेऊन यावलपर्यंत मोटारसायकल दामटतो!" मी म्हणालो.

नानांनी कप खाली ठेवला. "तो तुना कुळना शे का, भाऊ?"

मग ते मला जाऊच देईनात. समोर बसवून माझे श्वास मोजत राहिले. अर्ध्या तासात माझी जीभ जड झाली, मान कलंडली. "बोलत ऱ्हाय!" असं ओरडत त्यांनी मला रिक्षात कोंबलं.

दवाखान्यात त्यांनी गोळीचं पाकीट पुढे केलं, गिळल्याची वेळ सांगितली, श्वास किती कमी झाले तेही सांगितलं.

"तुम्ही कंपाउंडर का?" डॉक्टरांनी सुई भरत विचारलं.

"नई. मी उंदीर सांभाळस."

डॉक्टरांनी मीही त्यांतलाच एक असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मला अजिबात राग आला नाही.